मी जुना केलेला फोटो

परवा नात आली होती. तिने फोनवर माझा एक फोटो काढला, काचेवर दोनदा बोट फिरवलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. म्हणाली, "आजी, देखो ना, कसा एकदम विंटेज दिसतोय." मी पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई पिवळट पाण्यात बुडवून काढलेली, चारही कोपऱ्यांत डाग आणि कपाळावरून एक ओरखडा. मी तिला म्हटलं की खरा ओरखडा असा पट्टीने आखल्यासारखा नसतो, आणि चार कोपऱ्यांत सारखे डाग कधीच पडत नाहीत. भिंतीची ओल लागते ती एका बाजूने लागते. ती हसायला लागली. आजीला काय कळतं, हे ॲप करतं, बटण दाबलं की झालं. मला काय कळतं! हे काम मी हाताने केलेलं आहे, आणि इतकं चोख केलेलं आहे की त्यापायी माझ्या आईचं घर गेलं. हे मी नातीला सांगितलं नाही. तिच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. पण आता लपवून तरी कुणासाठी ठेवायचं, म्हणून लिहिते आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, टोपी बाजारात, एका फोटोग्राफरचं दुकान होतं. त्यांना सगळं लष्कर मास्तर म्हणत असे. मॅट्रिक झाल्यावर मी घरी बसून आत्या-काकूंचे टोमणे ऐकत होते, तेव्हा आईनेच मला त्यांच्याकडे पाठवलं. मुलीने दुकानात बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून काम घरी येई. खिडकीशी तिरकी काच लावायची, तिच्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने माणसांचे चेहरे सुधारायचे. देवीचे वण बुजवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, विहीणबाईंची दुहेरी हनुवटी एकीवर आणायची. माझा हात बसला. वर्षा-दोन वर्षांनी दुपारी दुकान बंद असताना मी मास्तरांच्या डार्करूममध्येही जाऊ लागले.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी शाळेत होते. पुढे मध्य भारत झाला, कचेऱ्या काही महिने इथे आणि काही महिने इंदूरला अशा फिरू लागल्या, आणि आमच्या मराठी लोकांची एक गंमत सुरू झाली. दरबार होता तोवर दरबारात कोण जातं याचं कुणाला काही नव्हतं. दरबार गेला आणि जो तो दरबारी झाला. ज्यांच्या आजोबांनी राजवाड्याचं फाटक फक्त बाहेरून पाहिलं होतं, ते मास्तरांकडे येऊन हळूच विचारत की वडिलांचा पगडीतला एखादा फोटो होईल का. मुलीचं स्थळ पुण्याचं असे, किंवा मुलाला इंदूरला नोकरी बघायची असे. मास्तरांनी कुठल्याशा लिलावातून एक पगडी, एक जरीचा अंगरखा आणि म्यानातून बाहेर न येणारी तलवार आणली होती. घरातला कुणी म्हातारा माणूस तेवढ्यापुरता त्या अंगरख्यात शिरे, आणि पुढचं काम माझं.

फोटो जुना करणं म्हणजे तो खराब करणं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. आधी तो उत्तम छापावा लागतो. मग लाल क्षाराच्या पाण्यात घालून त्याचा काळा रंग उडवायचा, आणि दुसऱ्या पाण्यात घालून तपकिरी आणायचा. या दुसऱ्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येई. त्या वासापायी आई मला दारातच थांबवून हातपाय धुवायला लावी. मग कोमट चहाचं पाणी, तेही एका कडेने जास्त. मग वाळवून कोपरे मऊ करायचे, समुद्रफेसाने कडा किंचित घासायच्या, सुईच्या टोकाने कसर लागल्यासारखी दोन-चार भोकं. शेवटी मास्तरांच्या ट्रंकेतला जुना जाड पुठ्ठा, कधीच्याच बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओचा शिक्का असलेला. असा फोटो हातात घेतला की खुद्द गिऱ्हाईकाला आपले वडील खरोखरच दरबारी होते असं वाटू लागे. मी मनात हसत असे. दुसऱ्यांच्या खोट्याला हसायला काय जातं!

मास्तरांची नजर अधू झाली होती, त्यामुळे कधी कधी ते निगेटिव्हची काचेची प्लेट उलटी घालत. उलट्या प्लेटवरून छापलं की माणूस आरशातल्यासारखा दिसतो, तलवार भलत्या कमरेला आणि अंगरख्याचे बंद भलत्या बगलेखाली. ही चूक मी लगेच पकडत असे. आमच्या मुलीच्या हातून उलटा फोटो दुकानाबाहेर जात नाही, असं मास्तर सगळ्यांना सांगत, आणि मला ते आवडत असे.

आता घराबद्दल सांगते. आमचं घर जयेंद्रगंजात होतं. तीन खोल्या, एक अंगण, वर दगडी फरश्यांचं छत. मोठं काही नाही, पण दार मात्र बघण्यासारखं होतं. दगडी चौकट, तिच्यावर कोरलेली वेल, आणि डाव्या बाजूला एका मोराची मान तुटलेली. हे घर माझ्या आईच्या वडिलांचं. ते दरबारात पूजाअर्चा करत, आणि कसल्याशा अनुष्ठानानंतर त्यांना ते दान मिळालं होतं. आई त्यांची एकुलती एक. माझे वडील दरबारच्या दप्तरात कारकून होते. त्यांची पहिली बायको गेली तेव्हा त्यांना चार वर्षांचा एक मुलगा होता. तो माझा दादा. आजोबांनी आपली मुलगी त्यांना दिली आणि दोघांना, म्हणजे वडिलांना आणि दादाला, घरातच ठेवून घेतलं.

म्हणजे माझे वडील घरजावई होते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्यात घरजावई ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. आजोबा गेल्यावर वडिलांनी दारावर आपल्या नावाची पाटी लावली, आणि आईने ती लावू दिली. नवऱ्याचा मान राहावा म्हणून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत "ह्यांचं घर" असंच म्हणायची. वीस वर्षं ती तसं म्हणत राहिली, आणि सगळ्या गल्लीचा तसाच समज झाला. खरं ठाऊक असलेली जुनी माणसं विलीनीकरणानंतर कुणी पुण्याला, कुणी नागपूरला निघून गेली. दानपत्र आजोबांच्या संदुकीत होतं, त्याचा वाळवीने भुगा केला होता. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आपल्याच घरात राहायला कागद कशाला लागतो!

वडील गेले आणि दादाला त्यांच्याच दप्तरात जागा मिळाली. छप्पन साली दिवाळीच्या सुमारास नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. दादाच्या कचेरीचा बिस्तरा हलणार हे ठरलं. लष्करातल्या मराठी घरांत तेव्हा दुसरा विषयच नव्हता. कोणाचं नाव यादीत आलं, कोणाला क्वार्टर मिळणार, कोणाच्या डोक्यावर नवा साहेब येऊन बसला. दादा घरी आला की नुसत्या येरझाऱ्या घाली. वहिनी माहेरी बाळंतपणाला गेली होती. मला त्याची दया येई.

एक दिवस तो माझ्या खिडकीशी येऊन बसला. मी कुणा नवरीच्या कपाळावरचा व्रण बुजवत होते. तो माझ्या पेन्सिलीकडे बघत म्हणाला, "एक काम होतं तुझ्याकडे. आईचा एकपण फोटो नाही माझ्याजवळ. मतलब, माझ्या आईचा."

आमच्या घरात "माझी आई" असा शब्द त्याने त्याआधी कधी काढला नव्हता. आई त्याचीही आईच होती. त्याला ताप आला की ती उपास धरी, माझ्या तापाला काढा पुरत असे. मी पेन्सिल खाली ठेवली. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला एक फोटो काढला. त्याच्या आजोळच्या कुठल्याशा लग्नातला, पंचवीस-तीस बायका दाटीवाटीने बसलेल्या. मागच्या ओळीत एक बारीक चेहरा, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. म्हणाला, ही.

त्याला काय हवं होतं ते त्याने सविस्तर सांगितलं. वडिलांचा पगडीतला फोटो होता, खरा, मास्तरांनीच काढलेला. त्याच्या शेजारी ती बसलेली हवी. दोघं आपल्या दारात हवीत, मोराच्या चौकटीखाली. मी म्हटलं, ती या घरात कधी आलीच नव्हती. तो म्हणाला, "माहीत आहे गं. भाड्याच्या एका खोलीत मेली ती. फोटोत तरी घर मिळू दे तिला."

हे ऐकून मी रडले. तोही रडला. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणू शकत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. निघताना तो एवढंच म्हणाला की फोटो जुना दिसला पाहिजे. नवा दिसला तर भिंतीवर परका वाटेल. आणि आईला इतक्यात सांगू नकोस, तिला उगाच लागेल. तेही मला पटलं. आईला लागू नये म्हणून आम्ही दोघं लपवतो आहोत, या कल्पनेने मला तो आणखीच जवळचा वाटला.

मी त्या फोटोवर महिनाभर काम केलं. इतकं जीव ओतून मी दुसरं कुठलंच काम केलं नाही. आई देवळात गेलेली असताना एका सकाळी मास्तर कॅमेरा घेऊन आले आणि रिकाम्या दाराचा फोटो काढून गेले. त्यातली विजेची तार मी पुसून टाकली. नगरपालिकेचा नंबर पुसला. वडिलांच्या नावाची पाटीही पुसली, कारण ती त्या काळात नसणार. किती बारीक विचार केला होता मी! मग लग्नाच्या फोटोवरून त्या बाईचा चेहरा मोठा केला. मोठा केल्यावर नुसते धुरकट ठिपके उरले. त्या ठिपक्यांतून मी तिचे डोळे काढले, ओठ काढले, दादाच्या चेहऱ्याकडे बघून हनुवटी काढली. अंगावरचं लुगडं एका दुसऱ्या बाईच्या फोटोचं.

एकच अडचण होती. वडिलांवर उजेड डावीकडून पडला होता आणि तिच्यावर उजवीकडून. दोघं एका दारात बसलेली असतील तर उजेड दोन बाजूंनी कसा येईल? मी तिची प्लेट उलटी घातली. उजेड जुळला, शिवाय तिचा चेहरा वडिलांकडे किंचित वळला, आणि चित्र एकदम जिवंत झालं. नाकाशी नथीचा नुसता पांढरा फराटा दिसत होता. सवाष्ण गेलेली बाई, तिची नथ अशी पुसट कशी ठेवायची, म्हणून मी एका केसाच्या कुंचल्याने तिचे मोती एकेक करून उजळले. मग सगळं चिकटवून त्याचा पुन्हा फोटो काढला, छापला, तपकिरी केला, चहात बुडवला, वाळवला, घासला. मास्तरांनी पुठ्ठा दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. दादाने फोटो बघितला आणि आपल्या रुमालात गुंडाळला. फ्रेम करायला टाकतो म्हणून तो घेऊन गेला. पंधरा दिवस झाले, महिना झाला, भिंतीवर फोटो काही आला नाही. मी विचारलं तर म्हणे, फ्रेमवाला चक्कर मारायला लावतो आहे.

त्याच सुमारास आईच्या नावाने कचेरीचा कागद आला. दरबाराकडून मिळालेल्या घरांची नव्या राज्यात चौकशी चालली होती. त्यातला मुद्दा साधा होता. पूजेबद्दल दान दिलेलं घर असेल तर ते त्या कुटुंबाचं, लेकीकडेही जाईल. नोकरीसाठी दिलेलं असेल तर ते नोकरी चालवणाऱ्याचं, म्हणजे मुलाचं. आईने कागद दादाला दाखवला. तो म्हणाला, तू फक्त ये, मी आहे ना. त्या दिवशी तो आमच्याआधीच घरातून निघाला. आम्ही दोघी टांग्याने गेलो.

चौकशी अधिकारी बाहेरचा होता, नव्या राज्याच्या दुसऱ्या टोकाचा. सभ्य माणूस. त्याने आईला खुर्ची दिली. समोर दादा बसला होता आणि त्याच्यापुढे एक फाईल होती. अधिकाऱ्याने त्याचा अर्ज वाचून दाखवला. हे घर अर्जदाराच्या वडिलांना दप्तरातल्या नोकरीबद्दल मिळालं, त्यांची पहिली पत्नी हयात असतानाच मिळालं, दुसरं लग्न त्यानंतरचं. सबब घर नोकरीत असलेल्या मुलाच्या नावे व्हावं. पुराव्यादाखल त्या काळचा फोटो जोडला आहे.

आणि त्याने फाईलमधून माझा फोटो काढून टेबलावर ठेवला.

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. आपला फोटो दिसला याचा क्षणभर आनंद झाला, इतकी मी मूर्ख. मग डोक्यात एकेक पायरी लागत गेली. दारात बसवायला का सांगितलं. जुना का दिसायला हवा होता. आईला का सांगायचं नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. कुणी भर रस्त्यात कानाखाली मारली असती तरी मला इतकी लाज वाटली नसती. त्याने मला फसवलं हे तर होतंच, पण माझ्याच हाताने, माझ्याच मायेने फसवलं. मी त्याच्या आईचे डोळे काढले होते.

अधिकाऱ्याने फोटो आईपुढे सरकवला आणि हिंदीत विचारलं की यातल्या माणसांना ती ओळखते का. आई फोटोवर वाकली. तिच्या खांद्यावरून मीही बघत होते, आणि तेव्हाच मला ती दिसली. नथ. उजव्या नाकपुडीत. मोती न् मोती मी उजळलेला. आमच्यातली कुठलीच बाई नथ उजवीकडे घालत नाही. आईचंही बोट त्या नथीपाशी येऊन थांबलं होतं. तिला कळलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मी बोलले. मोडक्यातोडक्या हिंदीत नाही, लष्करात वाढलेल्या मुलीला हिंदी काही शिकावी लागत नाही. मी सांगितलं की हा फोटो खोटा आहे, जोडलेला आहे, यातली बाई उलटी छापलेली आहे, मराठी बायका नथ डावीकडे घालतात, हवं तर बाहेर जाऊन कुठल्याही मराठी घरात विचारा. अधिकाऱ्याने चष्मा काढून फोटो उजेडात धरला. तो मूर्ख नव्हता. त्याने फोटो खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "सोच लीजिए. तस्वीर झूठी निकली तो पेश करने वाले की नौकरी भी जाएगी और मुक़दमा भी चलेगा. और बनाने वाले पर भी. किसने बनाई है?"

मी "मैंने" म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. मला तुरुंगात टाकलं असतं तरी त्या क्षणी चाललं असतं. पण आईने माझं मनगट धरलं, चांगलं दुखेल इतकं, आणि माझ्याआधी ती बोलली. तिची हिंदी मराठीतून चालायची.

"तस्वीर खरी है साहेब. लड़की को कुछ मालूम नहीं. वो बाई के मायके में नथ उलटी ही पहनते थे."

अधिकाऱ्याने तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. आणि घर? घर ह्यांचंच, ती म्हणाली, आधीपासून ह्यांचंच. त्याने ते लिहून घेतलं आणि आईने खाली सही केली. तिला मोडी यायची, नागरी सही ती सावकाश करी. दादाने एकदा घसा खाकरला. याखेरीज त्या खोलीत त्याचा आवाज मी ऐकला नाही.

परतताना टांग्यात मी तिच्याशी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. टांगेवाला मागे वळून बघत होता. ती दाल बाजारातल्या दुकानांकडे बघत बसली आणि घरी आल्यावर कुकर नव्हते त्या दिवसांत जशी घाई असे तशा घाईने वरणाला आधण ठेवलं. दादा संध्याकाळी आला, जेवला. आईने त्याला वाढलं. पानावर तूपही वाढलं. मी माझं ताट उचलून अंगणात गेले.

चार महिन्यांत घर विकलं गेलं. घेणारा धान्याचा व्यापारी होता. त्याने पुढच्या खोल्यांत पोती भरली आणि ट्रकवाल्यांना सोयीचं म्हणून दाराची चौकट काढून दार रुंद केलं. दादा भोपाळला गेला, आणि आई त्याच्याबरोबर गेली. मलाही चल म्हणाले. मी गेले नाही. मास्तरांनी दुकानाच्या वरची खोली दिली, लोक काय म्हणतील ते म्हणोत म्हणून. पुढे लग्न झालं, तेही तिथल्याच ओळखीतून. फोटो जुने करण्याचं काम मात्र मी त्यानंतर केलं नाही. मास्तरांनी एकदा विचारलं, मी नाही म्हटलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी रंग भरायचे, वण बुजवायचे, आणि गिऱ्हाइकांवर उगाच खेकसायचे.

दादाला मी माफ केलं नाही. पण आईबद्दल मी एक समजूत करून घेतली होती, आणि तिच्यावर सतरा-अठरा वर्षं जगले. ती समजूत अशी की आईने घर सोडलं ते माझ्यासाठी. अधिकाऱ्याने "बनाई किसने" विचारलं आणि तिने माझं मनगट धरलं. लेक कोर्टकचेरीत ओढली जाईल, तिचं लग्न होणार नाही, म्हणून बापाचं घर तिने एका वाक्यात टाकून दिलं. टांग्यात मी तिला जे बोलले त्याची मला फार शरम वाटे. माझी मुलगी झाली तेव्हा तर ही गोष्ट आठवून मी एकटीच रडत असे. दर वर्षी एकदा मी भोपाळला जायचे, दादाशी कामापुरतं बोलायचे, आणि आईचे पाय चेपायचे. पण हे कधी तोंडावर आलं नाही.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा आलं. दुपारची वेळ होती, दादा कचेरीत, वहिनी शेजारी गेलेली. मी तिला मोसंबीचा रस पाजत होते. मी म्हटलं, आई, त्या दिवशी तू मला वाचवलंस, हे मला केव्हाचं कळलं आहे. टांग्यात मी बोलले ते मनात ठेवू नकोस.

ती आठवायचा प्रयत्न करत होती. मग म्हणाली, "तुला? तुला कशापासून?"

मी म्हटलं, मुकदम्यापासून. फोटो मी केला होता ना.

"तो तू केला होतास?" आई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं मास्तरांनी केला. "मी तर त्याच्यासाठी म्हटलं. नोकरी गेली असती त्याची. लेकरू व्हायचं होतं घरात."

मग माझी समजूत घालावी तशा सुरात म्हणाली, "तू काय, आज ना उद्या जाणारच होतीस. तो माझा होता."

मी रस पाजून संपवला. तिचं तोंड पुसलं, उशी सारखी केली. वहिनी आल्यावर मी पिशवी उचलली आणि मिळाली त्या गाडीने ग्वाल्हेरला परत आले. आई त्यानंतर आठ महिने जगली. दादाने तीन पत्रं पाठवली, ती तुझं नाव काढते म्हणून. मी गेले नाही.